मेनच्या आधीची ओळ

२२ एप्रिल, सोमवार. सकाळी पावणेसहा
नवी वही. जुनी संपली नव्हती, पण तिच्यात गेल्या वर्षीचे संकल्प फार झाले होते. उघडली की मूडच जायचा.

आजपासून: पाचला उठणे (आज पावणेसहा, चालेल). व्यायाम. चहात साखर बंद. माझ्या सॉफ्टवेअर लायब्ररीची, बस्ताउची, आवृत्ती १.० महिनाअखेर बाहेर काढणे. चौदा वर्षं ०.९ वर बसलोय. बस्ताउ म्हणजे आमच्या कझाक भाषेत सुरुवात. सुरुवातीला जरा वेळ लागतोच.

माझं तत्त्व एकच: क्रम. क्रम नीट लावला की पुढचं सगळं आपोआप होतं.

दुपारी १२
अक्मरालचा फोन, अस्तानाहून. नातू अल्दियारने सोफ्यापासून टेबलापर्यंत दोन पावलं टाकली म्हणे. तेव्हा आता तुसाउ केसु करायचं. शनिवार, १८ मे, दुपारी बारा वाजता. पोराच्या पायांत काळी-पांढरी दोरी बांधायची आणि पोर ज्याच्यासारखं व्हावं असं वाटतं त्याने ती कापायची. अक्मराल म्हणाली, पापा, दोरी तुम्हीच कापायची. मी म्हटलं, मग दुसरं कोण कापणार? फोन ठेवून जरा वेळ खिडकीशी उभा राहिलो. डोळ्यांत धूळ गेली. करागांडात कोळशाची धूळ फार.

फोन ठेवण्याआधी रौशनने तो हिसकावून घेतला होता. बायकोच ती. म्हणाली, आयुष्यात एकदा वेळेवर ये. बारा म्हणजे बारा. आलास तर त्याच संध्याकाळी तुझ्याबरोबर घरी येते. मी म्हटलं, हा काय पैज लावायचा विषय आहे? ती म्हणाली, हो, आहे.

नोंद: रौशन गेल्या मे महिन्यात लेकीच्या बाळंतपणाला गेली, चाळीस दिवसांसाठी. चाळीस दिवस जरा लांबलेत. पण तिचा हिवाळी कोट इथेच आहे, हॉलमधल्या कपाटात, बाहीचं बटण लावायचं राहिलेला. मागचा हिवाळा तिने अक्मरालच्या जुन्या कोटावर काढला. म्हणजे हा कोट परत आल्यावर घालायचाय, हे उघडच आहे.

अस्ताना दोनशे किलोमीटर. एवढ्या लांबच्या प्रवासाची तयारी आजपासूनच केलेली बरी.

२३ एप्रिल. सकाळी ७
लिओनिदचा मेल. हा उस्कमेनचा. मधमाश्यांच्या पेट्यांखाली ठेवायचे वजनकाटे बनवतो. पेटीत मध किती साठला ते काटा घरबसल्या कळवतो. काट्याच्या आत माझी लायब्ररी. मला आगाय, म्हणजे गुरुजी म्हणतो, माझा विद्यार्थी नसूनही. संस्कार.

म्हणतो, आगाय, काट्यातल्या नव्या सर्किट बोर्डाला वीज दिली की प्रोग्रॅम जागच्या जागी मरतो. मुख्य भागापर्यंत, मेनपर्यंत पोचतच नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात काटे डोंगरावर जायला हवेत, जरा बघता का?

जरा बघता का! अरे, मेनच्या आधीचा मुलूख माझा आहे. एकतीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये पहिल्या तासाला मी विचारायचो, प्रोग्रॅम कुठून सुरू होतो? साठ पोरं एका सुरात ओरडायची, मेनपासून! मग मी हसायचो. एकटाच हसायचो, पण मनापासून. वीज येते तेव्हा मेमरीत नुसता कचरा असतो. कोणीतरी आधी येऊन ती पाटी पुसावी लागते. ठरलेल्या जागी ठरलेले आकडे मांडावे लागतात. छापायची यंत्रणा जोडावी लागते. सगळं लख्ख झालं की मगच मेनला हाक मारायची, या साहेब. आणि साहेबांचं काम आटोपलं की मागे राहून दिवे मालवायचे. हे सगळं करते ती लायब्ररी. आणि नाव कोणाचं होतं? मेनचं.

लिओनिदला कळवलं: चोवीस तासांत सोडवतो.

२५ एप्रिल
चोवीस तास झाले. दोष कंपायलरचा आहे, माझी खात्री पटत चालली आहे. लिओनिदला तसं सविस्तर लिहिलं (तीन मेल). त्याचं उत्तर नाही. बहुतेक थक्क झाला असेल.

प्रवासाच्या तयारीचं पहिलं पाऊल: काळे बूट तळवा बदलायला चांभाराकडे टाकले. तो म्हणाला, परवा न्या. मी म्हटलं, घाई नाही, अठराला लागणार आहेत.

चहात साखर अर्धा चमचा. मेंदूला लागते.

२७ एप्रिल. सकाळी
दोष चिपचा असावा. (दोन मेल.)

आज चहा करताना दोन कप काढले. सवय. दुसरा कप समोर ठेवूनच चहा प्यायलो, उगाच परत धुवायला नको म्हणून.

२९ एप्रिल
लिओनिदने तोच बोर्ड काट्यासकट कुरिअरने पाठवला. सोबत घरच्या मधाची बाटली आणि चिठ्ठी: आगाय, तुम्हाला बघायचाच असेल तर हा घ्या.

वीज दिली. काही नाही. निदान माझी ओळ तरी दिसायला हवी होती. बस्ताउ सुरू झाली की अगदी पहिल्यांदा एक ओळ छापते: सलाम, मी बस्ताउ ०.९, झाक्सिलिक ओमारोव, करागांडा. आधी ही ओळ सगळ्यांत शेवटी होती, मेनला हाक मारायच्या जरा आधी. आठ वर्षांपूर्वी मी ती उचलून सगळ्यांच्या वर आणली. एवढं राबायचं आणि नाव शेवटी, हा कुठला न्याय? रौशन तेव्हा म्हणाली होती, मधाच्या काट्याने तुझं नाव कशाला सांगायचं? तिला हे क्षेत्र कळत नाही.

जुन्या बोर्डावर आठ वर्षं ओळ ठणठणीत येतेय. नव्यावर शुकशुकाट. म्हणजे दोष नव्यातच.

१ मे. सुट्टी
समोरच्या दारातली रोझा किम गाजराची तिखट कोशिंबीर घेऊन आली. ट्राम डेपोत नर्स होती, आता रिटायर. हातात डबा, तोंडात बडबड, पाय सतत चालते. म्हणाली, अहो शेजारी, सगळं गाव रस्त्यावर आहे आणि तुम्ही मशीनपुढे? मी म्हटलं, एक माणूस उस्कमेनला माझी वाट बघतोय. ती म्हणाली, उस्कमेनला? मला वाटलं अस्तानाला कोणीतरी बघतंय.

बाई सरळ बोलत नाही. कोशिंबीर मात्र उत्तम होती, सगळी संपवली.

४ मे
पद्धत ठरवली. प्रोग्रॅम नेमका कुठे मरतो ते शोधायला वाटेत खुणा पेरायच्या. पाटी पुसण्याच्या आधी एक ओळ छापायची, 'इथपर्यंत आलो'. त्याच्या पुढे आणखी एक, 'इथपर्यंतही आलो'. जिथे ओळी थांबतील तिथे चोर. पोरांना शिकवायचो हे. सहा खुणा घातल्या.

एकही उमटली नाही.

७ मे
चौदा खुणा. आता तर आणखी आधीच मरतो. मी जितकं विचारतो तितका तो लवकर मान टाकतो. असा प्रोग्रॅम एकतीस वर्षांत पाहिला नाही.

व्यायाम सोमवारपासून. साखर दीड चमचा, तात्पुरती.

९ मे. सुट्टी
व्हिडिओ कॉल. अल्दियार चार पावलं चालला! मग धप्पकन बसला आणि स्वतःलाच टाळ्या वाजवल्या. मी त्याला हाक मारली. त्याने फोनच्या मागे वाकून पाहिलं, मी मागे आहे की काय म्हणून. मग फोन चाटला.

रौशनने विचारलं, तिकीट काढलंस का? मी म्हटलं, आधी हा बिघाड, मग बूट, मग आशीर्वादाचं भाषण, मग तिकीट. क्रम आहे. ती म्हणाली, तुझा क्रम मी पस्तीस वर्षं पाहिलाय झाक्सिलिक, त्यात माझा नंबर कधी आला नाही. आणि फोन अक्मरालकडे दिला.

अन्याय आहे हा. तिचा नंबर नेहमी होता. फक्त आधीची कामं संपत नव्हती.

संध्याकाळी भाषण सुरू केलं. दोरी कापणाऱ्याने आशीर्वाद द्यायचा असतो. चार वाक्यांत लोक उरकतात. मी उरकणारा नव्हे. पहिल्या चार पानांत माझ्या आजोबांपर्यंत पोचलो.

११ मे. दुपारी
रोझा पुन्हा. या वेळी सूप. विचारलं, नेमकं काय बिघडलंय ते मला तरी सांगा. तिला कळेल अशा भाषेत सांगितलं: समजा, तुमच्याकडे पाहुणे येणार. आधी टेबल पुसायचं, मग ताटं मांडायची, मग पाहुण्यांना आत बोलवायचं. माझा कोड तेच करतो. तर पाहुणे दारातच मरतात.

ती म्हणाली, आणि टेबल पुसायच्या आधी काय करता? मी म्हटलं, त्याआधी फक्त आमचं नाव सांगतो, मोठ्याने. ती म्हणाली, खरकट्या टेबलापाशी उभं राहून? आणि आवाज आहे का तेव्हा घशात? आधी पुसा की हो, मग सांगा काय सांगायचंय ते.

बिचारी. मनाने चांगली आहे, पण तांत्रिक बैठक नाही. समजुतीने मान हलवली आणि विषय बदलला. सूप छान.

१४ मे
सार्वजनिक आवाहन केलं. बस्ताउच्या मेलिंग लिस्टवर चौतीस सभासद आहेत. सगळ्यांना लिहिलं: संकटसमय आहे, एकत्र येऊ.

संध्याकाळी ५
एक उत्तर. माझा १९९८च्या तुकडीचा विद्यार्थी. म्हणतो, नमस्कार आगाय, तब्येत कशी आहे? मला या लिस्टमधून काढाल का? बाहेर पडायचं बटण चालत नाही.

ते बटण मीच लिहिलंय. चालत असणार.

बसल्या बसल्या यादी चाळली. एकतीस जण जुने विद्यार्थी. दोन पत्ते माझेच, त्यातल्या एकाचा पासवर्ड विसरलोय. आणि लिओनिद. घर एकदम फार शांत वाटलं. उठून रेडिओ लावला.

लिओनिदचं उत्तर पंधरा दिवसांत नाही. त्याचे काटे माझ्यामुळे अडकलेत. मेचा पहिला आठवडा उलटून गेला. माझ्या भरवशावर माणूस बसलाय आणि मी त्याला सोडून जेवणावळीला जायचं? नाही. आधी हे.

१६ मे
तिकीट काढलं! खरं तर रोझाने काढलं. अक्मरालने तिलाही बोलावलंय. दोघांची तिकिटं, शनिवार, सकाळी ७.१०. रोझा म्हणाली, साडेसहाला दार वाजवीन, कपडे घालून उभे राहा. मी म्हटलं, मी पाचला उठणारा माणूस आहे.

भाषण अकरा पानं. आजोबा, वडील, आमच्या गावचा घोडा, गणकयंत्रांचा इतिहास, मग अल्दियार. अल्दियार अकराव्या पानावर येतो, पण झोकात येतो.

रौशनसाठी तिची गोल उशी धुऊन वाळत घातली. स्वयंपाकघर पुसलं. तिचा कप वेगळा घासला.

१७ मे. संध्याकाळी
सूट खुर्चीवर. भाषण खिशात. उद्या सकाळी उठून एकच शेवटचा प्रयत्न, पंधरावी खूण. अगदी पहिल्या सूचनेच्याही आधी. ती उमटली की सुटलो. मग शांत मनाने गाडी.

उद्या या वेळेला रौशन या खुर्चीत बसलेली असेल.

१८ मे, शनिवार. सकाळी ५.१०
उठलो! पाच दहा! वहीला साक्षी ठेवतो.

६.१५
उमटली नाही. पण जवळ आलोय, बोटांना जाणवतंय.

६.५०
रोझा साडेसहाला आली. निळा झगा, लिपस्टिक, हातात तळलेल्या पिठाच्या बाऊरसाकांचा डबा. मला पायजम्यात बघून थांबली. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी ८.२०च्या गाडीने येतो. ती पावणेबाराला पोचते, पंधरा मिनिटं हातात राहतात. रोझा बाहेर जिन्यात गेली, फोनवर दोन-चार शब्द बोलली, परत आली. म्हणाली, हॉलमधलं कपाट उघडू का? मी स्क्रीनवरून मान न काढता म्हटलं, घ्या हो, काय हवं ते घ्या.

शेजारधर्म म्हणून तिची बॅग चौथ्या मजल्यावरून टॅक्सीपर्यंत मीच नेली, सपाता घालून. भलतीच जड. विचारलं, काय आहे हो यात? म्हणाली, थंडीचं. मी म्हटलं, मे महिन्यात? टॅक्सीत बसता बसता म्हणाली, थंडी काय, परत येतेच. काच वर करताना तिचे डोळे पाणावलेले दिसले. वयोमानाने होतं.

८.००
सूट घातला. टाय बांधला. केस विंचरले. भाषण खिशात आहे. पायांत बूट नाहीत.

बूट चांभाराकडे. २५ एप्रिलपासून. तो नऊला उघडतो.

९.०५
चांभाराच्या दारावर कागद: घरी कार्य आहे, आज बंद.

हे लोक कामधंदा सोडून कार्यांना कसे जातात, समजत नाही.

९.५०
हिवाळी बूट घातले. आत लोकर आहे. बस स्टँडवर आलो. बस भरल्याशिवाय निघत नाही. अकरा जण आहेत. बारावा हवा.

११.३५
बारावा आला. त्याला मिठी मारावीशी वाटली.

१२.१०
अक्मरालचा फोन. पापा, कुठे आहात? म्हटलं, पोचलोच. (खिडकीतून करागांडाची शेवटची इमारत दिसत होती.) ती म्हणाली, आम्ही थांबतो. मागून अल्दियारच्या रडण्याचा आवाज. पायात दोरी बांधून ठेवली असणार.

१२.५०
पुन्हा फोन. उचलला नाही. काय सांगणार? खिशातलं भाषण काढून मनात म्हणून पाहिलं. पाय लोकरीत उकडून निघालेत.

१९ मे, रविवार. दुपारी. करागांडा, घर
काल तीन वाजता पोचलो.

दोरी सव्वाला कापली होती. पोर भुकेने कळवळायला लागलं, दोरीत अडखळून पडलं, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते. तेव्हा रोझाने स्वयंपाकघरातून सुरी आणली, म्हणाली, चला बाई, लेकराला किती ताटकळवायचं, आणि चक्क कापली. अक्मराल म्हणाली, बरंच झालं, रोझाकाकू एक मिनिट बसत नाहीत, अल्दियारही तसाच होईल. त्यावर सगळे हसले म्हणे, टाळ्या वाजवल्या. पोर सुटलं ते थेट दारापर्यंत चालत गेलं. सात पावलं.

हे मला येर्नारने सांगितलं, जावयाने. भांडी पुसत होता तो.

मी पोचलो तेव्हा अल्दियार झोपला होता. मी दिवाणखान्यात उभा राहिलो, भाषण काढलं आणि म्हटलं, प्रिय आप्तजनहो. रौशन आतून आली. म्हणाली, हळू बोल, आत्ताच झोपलाय. मी हळू वाचलं. ऐकायला येर्नारचा काका होता, कानाने कमी. पहिलं पान संपल्यावर त्याने माझा हात प्रेमाने दाबला आणि विचारलं, तुम्ही बसचे ड्रायव्हर का?

रौशनने ताट वाढलं. माझ्या बुटांकडे बघितलं. मी म्हटलं, उशीर झाला खरा, पण त्याला कारणं आहेत. ती म्हणाली, माहीत आहे. रागावली असती तर बरं झालं असतं. शेवटचा बाऊरसाकही तिने माझ्या ताटात टाकला. अनोळखी माणसाला वाढावं तसं वाढत होती, अगदी नीट.

तिथल्या हॉलमध्ये खुंटीवर रौशनच्या कोटासारखाच कोट होता. माझं जाकीट शेजारी अडकवलं.

रात्रभर सोफ्यावर पडून राहिलो आणि आज सकाळच्या बसने परतलो. निघताना पोर जागं होतं. मला बघून रोझाच्या निळ्या झग्यामागे लपलं. रोझा अजून आठवडाभर राहणार आहे. अक्मरालने तिला आग्रह केला.

आता घरी येऊन हॉलमधलं कपाट उघडलं. रिकामा हँगर.

मी स्वतः नेली की ती बॅग खाली. चार मजले.

२० मे. सकाळी ८
लिओनिदचा मेल आला, अखेर. जसाच्या तसा उतरवतो:

आगाय, माफ करा. २६ एप्रिललाच मी तुमची ती सलामची ओळ काढून टाकली आणि सगळं सुरू झालं. पाटी पुसायच्या आधी छापायला गेलं की छापायच्या यंत्रणेला कचराच दिसतो, म्हणून मरत होता. जुन्या बोर्डाची मेमरी नशिबाने कोरी असायची. काटे ६ मेपासून डोंगरावर आहेत, माश्या खूश आहेत. कळवणार होतो. पण तुमचे रोज दोन-तीन मेल यायचे, इतके उत्साहाने लिहिलेले, की थांबवायला जीव होईना. बोर्डही त्यासाठीच पाठवला, तुम्हाला सोबत म्हणून. तुमचं नाव काढलेलं नाही, कोडच्या कॉमेंटमध्ये ठेवलंय. कॉमेंट चालत नाही, पण असते.

९.३०
त्याने मूळ कारण न शोधता वरवरचा उपाय केलेला दिसतो. आधुनिक पिढी.

१०.००
तपासण्यापुरती ओळ काढली. पंधरा खुणाही काढल्या. त्याही पाटी पुसायच्या आधीच बोलत होत्या म्हणा.

सुरू झाला.

कुठे काही दिसलं नाही, काही छापलं नाही. मेन आला, वजन दाखवायला लागला. काट्यावर मधाची बाटली ठेवली: ४६० ग्रॅम. आठशेची होती. मीच खाल्लाय बाकीचा, साखर बंद केल्यापासून.

एकतीस वर्षं पोरांना हेच सांगितलं, पाटी पुसायच्या आधी तोंड उघडायचं नाही. पहिल्याच तासाला सांगायचो. आणि अठरा तारखेला मी ज्याच्यासाठी थांबलो, ते काम २६ एप्रिललाच झालेलं होतं. माझी कोणी वाट बघत नव्हतं. बघत होते ते अस्तानाला.

खूप रडू आलं. लिहून ठेवतो, वही माझीच आहे.

२१ मे
नवा क्रम. चूक एवढीच होती की मी आधी बोलायचो. प्रत्येक ठिकाणी. कोणी तयार व्हायच्या आत माझं नाव, माझं भाषण, माझी कारणं. आता आधी गप्प बसायचं. समोरच्याला सावकाश जुळू द्यायचं, मग हळूच बोलायचं.

अकरा पानांची चार वाक्यं केली. पहिलंच वाक्य अल्दियारचं. दुसरं रौशनचं आहे. तिची माफी मागितलीय, कारण न देता. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा.

उद्या सकाळी व्हिडिओ कॉल. हे नक्की जमणार. रौशन जुलैपर्यंत परत येईल असा अंदाज आहे.

२२ मे. सकाळी १०.३०
कॉल लावला. अक्मरालने उचलला, म्हणाली, पापा, एक मिनिट हां, दूध उतू जातंय, आणि फोन टेबलाला टेकवून गेली. माझा कागद तयार. मी गप्प.

अल्दियार चालत आला. कोणाचा हात न धरता, दोन्ही हात वर करून. थेट माझ्याकडे. आज हाक मारायची नाही, घाबरतो. आधी त्याला नीट पाहू दे, ओळखू दे. मी श्वाससुद्धा रोखून धरला. त्याने मला पाहिलं, बराच वेळ. मग वळला आणि चालत दाराबाहेर गेला.

समोर भिंत. खुंटीवर कोट, जवळून दिसला. बाहीला बटण नाही, तोच. मी तरी गप्प राहिलो. रौशन आली की आधी तिला स्थिरावू देईन, मग दुसरं वाक्य.

सात मिनिटांनी ती आली. टेबल पुसायला लागली. चांगलं खसखसून पुसलं. मी थांबलो. फडकं झटकलं. मी थांबलो. कप मांडले. आता सगळं जागच्या जागी होतं. मी कागद वर, तोंडासमोर धरला.

तिने फोन उचलला, कानाला लावून बघितला. अगं, हा कोणी चालू ठेवलाय, पलीकडे कोणीच नाही, असं अक्मरालला म्हणाली आणि बंद केला.